इलेक्ट्रोडवरचा प्रवाह डोपामिनचाच कशावरून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: उंदराच्या मेंदूतील स्ट्रायटम या भागात कार्बन तंतूचा इलेक्ट्रोड बसवला, डोपामिन या चेतासंदेशक रसायनाच्या चेतातंतूंना विद्युत उद्दीपन दिले, प्रवाह वाढला आणि काही सेकंदांत उतरला; तर हा प्रवाह डोपामिनचाच आहे असे कशाच्या आधारावर म्हणायचे, त्यावरून काढलेला संहतीचा (नॅनोमोलरमधला) आकडा कितपत खरा मानायचा, आणि हाच इलेक्ट्रोड सेरोटोनिन किंवा ग्लुटामेट हे दुसरे चेतासंदेशक मोजायला चालेल का. तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. इलेक्ट्रोडला डोपामिन ओळखता येत नाही, त्याला इलेक्ट्रॉन तेवढे कळतात. दिलेल्या विभवाला (व्होल्टेजला) जो रेणू इलेक्ट्रॉन देईल किंवा घेईल त्याची नोंद होते, मग तो रेणू कोणताही असो. ‘हे डोपामिन आहे’ हे विधान प्रयोग करणाऱ्याचे असते आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याचीच असते.

डोपामिनचे ऑक्सिडीकरण होताना प्रत्येक रेणू दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन सोडतो आणि त्याचे डोपामिन-ऑर्थो-क्विनोन होते. विभव उलट दिशेने नेला की या क्विनोनचे क्षपण होऊन पुन्हा डोपामिन मिळते. काचपात्रातल्या स्वच्छ बफरमध्ये हे सगळे पाठ्यपुस्तकात छापल्यासारखे दिसते. मेंदूत मात्र पेशींबाहेरच्या द्रवात ॲस्कॉर्बिक आम्ल काहीशे मायक्रोमोलर असते आणि डोपामिनची स्थिर पातळी काही नॅनोमोलर ते फार तर काही दहा नॅनोमोलर. म्हणजे ज्याला शोधायचे त्याच्यापेक्षा दहा हजार पट किंवा त्याहूनही अधिक प्रमाणात दुसराच एक रेणू तिथे हजर आहे, आणि त्याचेही ऑक्सिडीकरण जवळपास त्याच विभवाला होते. शिवाय यूरिक आम्ल आणि डोपामिनच्याच विघटनातून तयार होणारे डोपॅक हेही तिथे असतात, आणि तेही डोपामिनपेक्षा कितीतरी जास्त.

या शाखेची सुरुवातच या अडचणीत झाली. कॅन्सस विद्यापीठातील राल्फ ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये उंदराच्या मेंदूत थेट व्होल्टॅमेट्री, म्हणजे विभव बदलत प्रवाह मोजण्याची पद्धत, करून दाखवली तेव्हा ती मोठी झेप होती, पण त्या काळच्या कार्बन पेस्टच्या जाड इलेक्ट्रोडवर मिळणाऱ्या प्रवाहात ॲस्कॉर्बिक आम्लाचाच वाटा मोठा होता, हे पुढे स्पष्ट होत गेले. त्यानंतरची कित्येक वर्षे संशोधकांची मेहनत खर्च झाली ती डोपामिन आणि ॲस्कॉर्बिक आम्ल यांना वेगळे करण्यात. फ्रान्समध्ये फ्रांस्वा गोनों यांनी १९८०च्या सुमारास कार्बन तंतूच्या पृष्ठभागावर विद्युतरासायनिक प्रक्रिया करून ॲस्कॉर्बिक आम्लाचे आणि कॅटेकॉल वर्गातल्या रेणूंचे शिखर वेगळे पाडले. लंडनमध्ये ज्युलियन मिलर यांनी अतिशय वेगाने विभव फिरवण्याची पद्धत आणली. आणि अमेरिकेत मार्क वाइटमन यांच्या प्रयोगशाळेने तिला आजचे रूप दिले. तुम्ही वापरता ती ‘फास्ट-स्कॅन सायक्लिक व्होल्टॅमेट्री’ म्हणजे हीच पद्धत.

या पद्धतीत इलेक्ट्रोड सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ०.४ व्होल्टवर धरून ठेवतात, तिथून विभव सेकंदाला ४०० व्होल्ट या वेगाने अधिक १.३ व्होल्टपर्यंत चढवतात आणि त्याच वेगाने परत आणतात. चढउताराला मिळून ८.५ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला अशा १० फेऱ्या होतात, म्हणजे उरलेला ९१.५ मिलिसेकंदांचा काळ इलेक्ट्रोड नुसता उणे विभवावर थांबलेला असतो. नवशिक्यांना हा थांबण्याचा काळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण मापनाची निम्मी किमया त्यातच आहे. शरीराच्या सामूला, म्हणजे ७.४ पीएचला, डोपामिनचा अमीन गट प्रोटॉन धरून धनभारित असतो. कार्बनच्या पृष्ठभागावरचे ऑक्सिजनयुक्त गट आणि उणे विभव मिळून त्याला ओढून घेतात, आणि पुढच्या फेरीपर्यंत ते पृष्ठभागावर साचत राहते. ॲस्कॉर्बिक आम्ल आणि डोपॅक हे ऋणभारित असल्यामुळे याच काळात दूर लोटले जातात. त्यातून ॲस्कॉर्बिक आम्लाचे इलेक्ट्रॉन देणे मुळातच संथ असल्याने इतक्या वेगात त्याचे शिखर पसरट होते आणि वरच्या विभवाकडे सरकते. संथ पद्धतींत आणखी एक घोळ होत असे. तयार झालेल्या क्विनोनला ॲस्कॉर्बिक आम्ल पुन्हा डोपामिन करून देई आणि तोच रेणू दोनदा-तीनदा मोजला जाई. साडेआठ मिलिसेकंदांत त्याला ती संधी फारशी मिळत नाही.

या वेगाची किंमतही मोजावी लागते. इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग हा एक छोटा धारित्रच (कपॅसिटर) असतो. विभव जितक्या वेगाने बदलावा तितका त्याला भारित करणारा प्रवाह वाढतो. ७ मायक्रोमीटर व्यासाचा आणि साधारण १०० मायक्रोमीटर लांबीचा तंतू घेतला तर हा पार्श्वप्रवाह काहीशे नॅनोॲम्पिअर भरतो, आणि ५० नॅनोमोलर डोपामिनचा वाटा त्यात साधारण एखाद-दोन नॅनोॲम्पिअरचा. मग हे मोजता येते कसे? पार्श्वप्रवाह मोठा असला तरी काही सेकंदांच्या काळात तो जवळजवळ स्थिर असतो, म्हणून उद्दीपनाच्या आधीच्या फेऱ्या नंतरच्या फेऱ्यांतून वजा करता येतात. या वजाबाकीतून पद्धतीची सर्वांत मोठी मर्यादा जन्माला येते: तुम्हाला दिसतो तो बदल, मूळ पातळी नव्हे. पार्श्वप्रवाह हळूहळू सरकत असल्यामुळे ही वजाबाकीसुद्धा साधारण दीड मिनिटापर्यंतच भरवशाची राहते. ‘औषध दिल्यानंतर तासाभरात डोपामिनची पातळी वाढली’ असे विधान साध्या फास्ट-स्कॅन नोंदीवरून कुणी केले तर मी तो आलेख बाजूला ठेवून आधी पद्धतीचा परिच्छेद वाचतो.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. ओळख पटवण्यासाठी एक पुरावा कधीच पुरत नाही. पहिला पुरावा व्होल्टॅमोग्रामच्या, म्हणजे विभवागणिक प्रवाहाच्या आलेखाच्या, आकाराचा: ऑक्सिडीकरणाचे शिखर अधिक ०.६ व्होल्टच्या आसपास आणि परतीच्या वाटेवर क्षपणाचे शिखर उणे ०.२ व्होल्टच्या आसपास यायला हवे, आणि तो आकार त्याच इलेक्ट्रोडवर ज्ञात द्रावणात मिळालेल्या आकाराशी जुळायला हवा. परंतु नॉरॲड्रेनलिनचा व्होल्टॅमोग्राम डोपामिनसारखाच दिसतो, इतका की डोळ्यांनी किंवा संगणकानेही त्यांना वेगळे करता येत नाही. तिथे दुसरा पुरावा, शरीररचनेचा, कामाला येतो. स्ट्रायटममध्ये डोपामिनचे चेतातंतू दाट आणि नॉरॲड्रेनलिनचे अगदी विरळ असल्यामुळे तुमच्या जागेला हा प्रश्न फारसा जाचत नाही, पण उद्या कॉर्टेक्समध्ये मोजायला गेलात तर हाच युक्तिवाद लंगडा पडेल. तिसरा पुरावा शरीरक्रियेचा: डोपामिनच्या चेतापेशींना उद्दीपन दिल्यावर संकेत यावा आणि न दिल्यास येऊ नये. चौथा औषधांचा: डोपामिन परत शोषून घेणारा वाहक नोमिफेन्सिन किंवा जीबीआर १२९०९ ने रोखला तर संकेत उंच व्हावा आणि उतरायला जास्त वेळ लागावा, नॉरॲड्रेनलिनचा वाहक रोखणाऱ्या डेसिप्रामिनने मात्र फारसा फरक पडू नये. पाचवा म्हणजे मायक्रोडायलिसिससारख्या (बारीक नळीतून मेंदूतला द्रव गोळा करून तपासण्याच्या) वेगळ्या पद्धतीने त्याच जागी तेच रसायन असल्याची खात्री. दर प्रयोगात हे पाचही करावेत असे मी म्हणणार नाही, पण नव्या जागी किंवा नव्या इलेक्ट्रोडने काम सुरू करताना यांतले निदान तीन तरी हाताशी हवेत.

प्रवाह-विरुद्ध-काळ असा एकच आलेख पाहून निष्कर्ष काढण्याची सवय सर्वांत आधी मोडा. तुम्ही पाठवलेल्या वर्णनात ‘०.६ व्होल्टवरचा प्रवाह वाढला आणि उतरला’ एवढेच आहे. पण सामूत थोडा बदल झाला तरी कार्बनच्या पृष्ठभागावरचे क्विनोनसारखे गट आपले शिखर सरकवतात आणि वजाबाकीनंतर तिथे मोठा प्रवाह उरतो. चेतापेशी सक्रिय झाल्या की काही सेकंदांनी त्या जागेचा रक्तप्रवाह वाढतो, कार्बन डायऑक्साइड वाहून नेला जातो आणि द्रव किंचित अल्कधर्मी होतो. म्हणजे खऱ्या डोपामिनच्या पाठोपाठ हा तोतया येतोच. कॅल्शियमच्या बदलाचीही अशीच छाया पडते. मी सुरुवातीच्या काळात एका प्रयोगात उद्दीपनानंतर आठ-दहा सेकंदांनी येणारी एक सुबक ‘दुसरी लाट’ पाहून फार खूश झालो होतो. विभव उभ्या अक्षावर, काळ आडव्या अक्षावर आणि प्रवाह रंगात दाखवणारा पूर्ण नकाशा काढला तेव्हा दिसले की पहिल्या लाटेत ०.६ व्होल्टला हिरवा ठिपका आणि त्याच्या जोडीला क्षपणाचा ठिपका होता, तर दुसऱ्या लाटेत रंगाचे पट्टे वेगळ्याच विभवांना होते. ती सामूची लाट होती. तेव्हापासून रंगीत नकाशा पाहिल्याशिवाय मी एकाही नोंदीबद्दल मत देत नाही.

मिश्र संकेतातून डोपामिन आणि सामू वेगळे काढण्यासाठी प्रिन्सिपल कॉम्पोनंट रिग्रेशन ही संख्याशास्त्रीय रीत वापरतात. साधन चांगले आहे, पण त्याला शिकवण्यासाठी वापरलेले नमुने त्याच प्राण्याचे, त्याच इलेक्ट्रोडचे आणि त्याच दिवसाचे असावेत. दुसऱ्या प्राण्याचा किंवा दुसऱ्या इलेक्ट्रोडचा जुना संच उसना घेण्याची पद्धत सोयीची म्हणून पसरली आहे आणि ती मला मान्य नाही. इलेक्ट्रोडगणिक शिखराची जागा थोडी हलते आणि मग गणित सामूलाही बिनदिक्कत डोपामिन ठरवते. गणितानंतर उरणारा शेष प्रवाह मर्यादेबाहेर गेला असेल तर तो भाग टाकून द्यावा, कितीही देखणा असला तरी.

नॅनोमोलरच्या आकड्याबद्दल. कॅलिब्रेशन म्हणजे वाहत्या बफरमध्ये ज्ञात संहतीचे डोपामिन सोडून किती नॅनोॲम्पिअर येतात ते पाहणे. ते काम सोपे आहे. अवघड आहे ते त्या गुणोत्तराचा मेंदूशी संबंध जोडणे. ऊतीत शिरताच इलेक्ट्रोडवर प्रथिने चिकटतात आणि संवेदनक्षमता बरीच घटते, म्हणून आधी केलेले कॅलिब्रेशन संहती कमी दाखवते. प्रयोगानंतर केलेले कॅलिब्रेशन वास्तवाच्या जवळ असते, पण बाहेर काढताना तंतू मोडला तर तेही हातचे जाते. याशिवाय कॅलिब्रेशनचा बफर कोणता, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आहेत की नाहीत, यानेही अधिशोषण (रेणूंचे पृष्ठभागावर चिकटणे) बदलते आणि आकडा हलतो. आकड्यांचा उपयोग एकाच इलेक्ट्रोडवर, एकाच जागी, औषधाआधी आणि औषधानंतर अशी तुलना करण्यासाठी करा. दोन प्रयोगशाळांच्या ‘२०० नॅनोमोलर’ची तुलना करताना मात्र हात आखडता घ्या. तंतू शंभर मायक्रोमीटर खाली सरकवला तरी संकेत दुप्पट किंवा निम्मा होऊ शकतो, कारण डोपामिन सोडणाऱ्या जागा ऊतीत सारख्या पसरलेल्या नसतात.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. शिखराची उंची म्हणजे सोडलेले डोपामिन नव्हे. ती सोडणे आणि परत शोषून घेणे यांच्यातली शिल्लक असते. वाहक रोखणाऱ्या औषधाने शिखर वाढले म्हणजे स्राव वाढला असे होत नाही. दोन्ही वेगळे काढायचे असतील तर चढणीचा आणि उतरणीचा आकार वाहकाच्या शोषणाचा वेग सांगणाऱ्या मायकेलिस-मेंटेन समीकरणात बसवून शोषणाचा महत्तम वेग आणि वाहकाची आसक्ती यांचा अंदाज घ्यावा लागतो.

संवेदकाच्या बांधणीबद्दल तुम्ही विचारले नाही, पण निम्म्या चुका तिथेच जन्मतात म्हणून सांगतो. एकच तंतू काचेच्या केशनलिकेत शोषून घ्यायचा, पुलरवर काच तापवून ओढायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली सर्जिकल ब्लेडने बाहेर आलेला तंतू कापायचा. ब्लेड काचेच्या पट्टीवर तंतूला काटकोनात टेकवून हलकेच दाबायचे. ब्लेड ओढले की टोक तिरके फाटते. त्यानंतर काच आणि तंतू जिथे भेटतात ती फट पाहायची. तिथे सूक्ष्म चीर राहिली तर द्रावण आत चढते, पार्श्वप्रवाह वाढतच जातो आणि गोंगाट इतका होतो की लहान संकेत त्यात बुडतात. असे इलेक्ट्रोड ‘बघू चालतो का’ म्हणून वापरू नका, टाकून द्या. चांगल्या इलेक्ट्रोडलाही प्रयोगाआधी पंधरा-वीस मिनिटे ६० हर्ट्झ वेगाने फिरवून स्थिर करून घ्यावे लागते. अधिक १.३ व्होल्टपर्यंत गेल्याने कार्बनचा पृष्ठभाग थोडा थोडा झिजतो आणि त्यामुळेच ताजा राहतो. हा वरचा टप्पा १.० व्होल्टवर थांबवला तर पार्श्वप्रवाह शांत दिसतो, पण संवेदनक्षमता बरीच कमी मिळते.

संदर्भ इलेक्ट्रोडकडे तर कुणी पाहतच नाही. बरेच दिवस रोवून ठेवलेल्या चांदीच्या तारेवरचा क्लोराइडचा थर विरघळतो आणि सगळे विभव एकाच दिशेला सरकतात. एकदा आमच्याकडे एका प्राण्यात डोपामिनचे शिखर रोज थोडे पुढे जात असल्याचे दिसले आणि दोन आठवडे आम्ही कार्बन तंतूला दोष देत राहिलो. शेवटी तार काढून पाहिली तर ती काळपट-करडी असायची तिथे चकचकीत चांदी दिसत होती, आणि मोजल्यावर विभव सुमारे शंभर मिलिव्होल्टनी हललेला निघाला. नवी तार क्लोराइड करून बसवल्यावर शिखर जागेवर आले.

मूळ पातळी हवी असेल तर मार्ग दोन आहेत. मायक्रोडायलिसिसमध्ये पडद्याच्या बारीक नळीतून द्रव गोळा करून क्रोमॅटोग्राफीने रसायनाची खात्रीलायक ओळख पटते. पण ती नळी २०० ते ३०० मायक्रोमीटर जाड, म्हणजे तुमच्या तंतूच्या तीस-चाळीस पट, आणि नमुना बहुधा मिनिटांच्या हिशेबाने मिळतो. दुसरा मार्ग ‘फास्ट-स्कॅन कंट्रोल्ड ॲडसॉर्प्शन व्होल्टॅमेट्री’चा. त्यात पृष्ठभाग आधी अतिवेगवान फेऱ्यांनी रिकामा करतात, मग काही सेकंद ठरावीक विभवावर धरून त्यावर डोपामिन साचू देतात आणि मग मोजतात. पार्वस्तू हाशेमी यांच्या गटाने ती पद्धत पुष्कळ पुढे नेली आहे. तुमचा प्रश्न सेकंदांचा असेल तर आताची पद्धत ठेवा, तासांचा असेल तर बदला.

सेरोटोनिनसाठी तोच तंतू चालतो, पण तोच त्रिकोणी विभव चालत नाही. सेरोटोनिनच्या ऑक्सिडीकरणातून तयार होणारे क्रियाशील पदार्थ पृष्ठभागावर चिकट थर बसवतात आणि इलेक्ट्रोड काही मिनिटांत मंदावतो. म्हणून ०.२ व्होल्टपासून १.० पर्यंत, तिथून उणे ०.१ पर्यंत आणि परत ०.२ वर असा वेगळा आकार सेकंदाला १००० व्होल्टने देतात, जेणेकरून तो थर बसायला वेळच मिळू नये. त्यावर नॅफिऑन या ऋणभारित बहुवारिकाचा (पॉलिमरचा) पातळ लेप दिला तर ऋणभारित चयापचयी पदार्थ, विशेषतः सेरोटोनिनपेक्षा कितीतरी जास्त असलेले ५-एचआयएए, बरेच अडतात. लेप जाड झाला तर संकेत संथ होतो, म्हणून जाडीची तडजोड प्रत्येकाने आपल्या कॅलिब्रेशनवरून ठरवायची असते.

ग्लुटामेटची गोष्ट निराळी आहे. तो या विभवांच्या मर्यादेत इलेक्ट्रॉन देतच नाही, त्यामुळे कार्बन तंतूला तो अदृश्य असतो. त्यासाठी प्लॅटिनमवर ग्लुटामेट ऑक्सिडेज हे एन्झाइम बसवतात. ते ग्लुटामेट आणि ऑक्सिजन यांच्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते आणि पेरॉक्साइडचे ऑक्सिडीकरण अधिक ०.७ व्होल्टच्या आसपास मोजले जाते. या विभवाला ॲस्कॉर्बिक आम्ल आणि डोपामिनही प्रवाह देतात, म्हणून मेटा-फेनिलिनडायअमीनचा बहुवारिक थर गाळणीसारखा बसवतात, ज्यातून पेरॉक्साइड जाते आणि मोठे रेणू अडतात. तरीही शेजारी एन्झाइम नसलेली, बाकी सर्व बाबतींत तशीच दुसरी जागा असायलाच हवी. दोन्ही जागांच्या प्रवाहांतला फरक म्हणजे तुमचा संकेत. एकाच जागेवरची ग्लुटामेटची नोंद मी ग्राह्य धरत नाही. त्यातही हा ग्लुटामेट चेतापेशींनी सोडला की ग्लाया पेशींनी, हा प्रश्न उरतोच. टेट्रोडोटॉक्सिनने चेतापेशींचे आवेग थांबवून संकेत किती घटतो ते पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही. ॲसिटिलकोलिनच्या बाबतीत बहुतेक संवेदक प्रत्यक्षात त्याच्या विघटनातून येणारे कोलीनच मोजतात, आणि निष्कर्ष लिहिताना तसे म्हणणे प्रामाणिकपणाचे ठरते.

२०१८ पासून डीलाइट आणि ग्रॅब ही जनुकीय, प्रकाश देणारी डोपामिन संवेदके उपलब्ध आहेत, तेव्हा इलेक्ट्रोडचा खटाटोप कशाला, असे तुमच्या मार्गदर्शकांचे म्हणणे आहे. कोणत्या पेशीजवळ काय घडते हे पाहण्यात ती संवेदके सरस आहेत आणि सामूच्या तोतयापासूनही बरीच मोकळी आहेत. परंतु त्यांच्यासाठी मेंदूत परके जनुक घालावे लागते, आणि प्रकाशाच्या चढउतारावरून संहतीचा आकडा काढणे कॅलिब्रेट केलेल्या इलेक्ट्रोडपेक्षाही अवघड आहे. माणसाच्या मेंदूत, पार्किन्सनच्या रुग्णांवर खोल उद्दीपनाची शस्त्रक्रिया चालू असताना, सेकंदाहून लहान काळातल्या डोपामिनची नोंद २०११ मध्ये आणि मग २०१६ मध्ये १७ रुग्णांमध्ये केली गेली ती कार्बन तंतूनेच. तिथे औषधे देऊन किंवा प्रयोगानंतर कॅलिब्रेशन करून खात्री करण्याची मोकळीक फारच थोडी असल्यामुळे संख्याशास्त्रीय प्रारूपावर भिस्त ठेवावी लागली, आणि त्या प्रारूपांवर या क्षेत्रात अजून वाद आहेत.

तुमच्या हातातल्या नोंदींपुरते बोलायचे तर आधी जुन्या फायलींचे पूर्ण रंगीत नकाशे काढा आणि प्रत्येक शिखराला क्षपणाची जोड आहे का ते तपासा. मग एका प्राण्यात तीच उद्दीपने पाच-पाच मिनिटांच्या अंतराने चार वेळा देऊन संकेत टिकतो का ते पाहा, आणि टिकत असेल तर नोमिफेन्सिन देऊन उतरणीचा काळ पुन्हा मोजा. उतरण लांबली नाही, तर आधी औषधाची मात्रा आणि मग इलेक्ट्रोडची जागा तपासा. मेंदूचे काप काढून टोक नेमके कुठे होते ते पाहिले की बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडते.